उमलाउटला जागा कुठून द्यायची

जुन्या अमेरिकन भयकथा-कॉमिक्सच्या एका जर्मन पुनर्मुद्रणातल्या एका चौकटीने कितीतरी दिवस पाठ सोडली नाही. चौकट तशी नेहमीचीच. स्मशान, ओली माती, वाकडा झालेला क्रूस आणि वर तीन ओळींचा निवेदनाचा पिवळा पट्टा. दुसऱ्या ओळीत एक मोठा यू होता आणि त्याच्या डोक्यावरचे दोन ठिपके, म्हणजे जर्मनांचा उमलाउट, पहिल्या ओळीतल्या अक्षराच्या पायात घुसले होते. शब्द वाचता येत होता, अर्थही लागत होता. पण नजर तिथे क्षणभर अडखळत होती, आणि भयकथेत नेमक्या त्या जागी अडखळून चालत नाही. निवेदनाने वाचकाला हलकेच पुढे ढकलायचं असतं, म्हणजे पुढची चौकट त्याच्या अंगावर येते. इथे दोन ठिपक्यांनी त्याला थांबवून ठेवलं होतं. छापणाऱ्यांनी निष्काळजीपणा केला असं म्हणावं तर बाकीचं पुस्तक इतक्या मायेने काढलेलं की तसं म्हणवेना. दोष जुना होता. त्या पट्ट्यात दोन ओळींमध्ये किती जागा सुटणार, हे पन्नासच्या दशकात न्यूयॉर्कमध्येच ठरून गेलं होतं, आणि तेही इंग्रजीच्या मापाने.

ती चौकट ईसी कॉमिक्स या न्यूयॉर्कच्या प्रकाशनसंस्थेची. तिथलं पान कसं तयार व्हायचं हे एकदा समजलं की त्या ठिपक्यांचा राग उरत नाही. इतर प्रकाशकांकडे चित्रकार आधी चित्र काढायचा आणि मजकूर मागून चढायचा. ईसीत उलटं होतं. कथेचा आराखडा प्रकाशक विल्यम गेन्स आणि संपादक-लेखक अल फेल्डस्टाइन मिळून ठरवायचे. मग फेल्डस्टाइन थेट चित्राच्या पुठ्ठ्यावरच चौकटी आखून निवेदन आणि संवाद पेन्सिलीने लिहायचा. तो पुठ्ठा जिम आणि मार्गारेट रॉटन या दांपत्याकडे जायचा आणि ते सगळा मजकूर लेरॉय संचाने शाईत उतरवायचे. हा संच मुळात इंजिनिअरिंगच्या नकाशांसाठी केलेला. एका पट्टीवर अक्षरांच्या खाचा कोरलेल्या असतात. तीन पायांच्या लेखणीचा एक पाय पट्टीच्या लांब खाचेतून सरकतो, दुसरा अक्षराच्या खाचेतून फिरतो आणि तिसऱ्या टोकाची निब वर कागदावर तेच अक्षर काढते. म्हणून ईसीच्या पानांवरची अक्षरं सगळी एका उंचीची, एका जाडीची, थंड दिसतात. सडलेलं प्रेत थडग्यातून बाहेर येतंय आणि निवेदन मात्र सरकारी नकाशावरच्या टिपेसारखं निर्विकार आहे, ही ईसीची खरी चव. हे सगळं झाल्यावर पुठ्ठा चित्रकाराकडे जायचा. ग्रॅहम इंगल्स असो की जॅक डेव्हिस, चौकटीचा वरचा तिसरा हिस्सा, कधी जवळजवळ अर्धा, अक्षरांनी आधीच अडवलेला असायचा. उरलेल्या जागेत काय ते काढायचं. लेरॉय संच काढणाऱ्या कॉयफेल अँड एसर या कंपनीचे दोन्ही संस्थापक जर्मनीतून अमेरिकेत आलेले होते. पण रॉटन दांपत्याच्या हातून जायचा तो मजकूर इंग्रजी, त्यामुळे अक्षरांच्या डोक्यावर ठिपक्यांसाठी जागा सोडायचं कारणच नव्हतं.

आता त्याच पट्ट्यात जर्मन भरायचं आहे. इंग्रजी मजकूर जर्मनमध्ये आला की साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो, कधी त्याहून जास्त. पट्टा तर वाढत नाही. मग अक्षरजुळणी करणाऱ्यापुढे चार वाटा असतात आणि चारही थोड्या थोड्या वाईट. अक्षर लहान करावं तर छापील मापात साडेसहा पॉइंटाच्या खाली गेल्यावर रात्री दिव्याखाली वाचणाऱ्याचे डोळे दुखतात. अक्षर अरुंद करावं तर लेरॉयचा तो रुंद, शांत चेहरा जातो. पट्टा खाली वाढवावा तर चित्रावर पांढरं फासावं लागतं, आणि ईसीच्या चित्रकारांनी आधीच उरल्यासुरल्या जागेत जीव ओतलेला असतो, तिथली अर्धा सेंटिमीटर रेघ झाकणं मला तरी पाप वाटतं. राहता राहिलं भाषांतरच आवळणं. चांगले भाषांतरकार हेच करतात. दोन विशेषणं असतील तर एक गाळतात, जोडवाक्य तोडतात, पण फेल्डस्टाइनचा लांबलचक, श्वास रोखायला लावणारा सूर सांभाळतात. त्यातून उमलाउटचा प्रश्न सुटत नाहीच. सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत, त्यामुळे ए, ओ आणि यू यांच्या वरचे ठिपके अक्षराच्या उंचीबाहेर जातात. ओळींमधलं अंतर वाढवलं की तीन ओळींच्या जागी अडीचच मावतात. यावरचा जुना, हातकामाचा उपाय असा, की ज्या अक्षरावर ठिपके यायचे ते अक्षरच किंचित बुटकं करायचं आणि ठिपके त्याच्या डोक्यावर, पण ओळीच्या उंचीच्या आतच बसवायचे. यू असेल तर ठिपके सरळ त्याच्या पोटात, दोन दांड्यांच्या मध्ये. संगणकावरच्या तयार फॉन्टमध्ये हे सहसा नसतं, मुद्दाम करून घ्यावं लागतं. ज्या प्रकाशकाने ते करून घेतलं त्याचं पान हातात घेतलं की कळतं.

अशी बारीक कामं अजून पुष्कळ आहेत. ईसीत जवळजवळ प्रत्येक वाक्यात एखादा शब्द ठळक असतो, वाचणाऱ्याने तिथे आवाज चढवावा म्हणून. जर्मन वाक्यात क्रियापद पार शेवटी गेलं की जोर दुसरीकडे सरकतो. इंग्रजीतला ठळक शब्द शोधून त्याचाच जर्मन प्रतिशब्द ठळक केला तर वाक्य लंगडतं. संपूर्ण वाक्य मोठ्याने म्हणून जोर नव्याने ठरवावा लागतो. एस्सेट (ß) या जर्मन अक्षराला मोठं रूप कितीतरी वर्षं अधिकृतपणे नव्हतंच, म्हणून मोठ्या अक्षरांतल्या मजकुरात त्याच्या जागी दोन एस यायचे. 2017 मध्ये मोठा एस्सेट मान्य झाला, तरी जुन्या धाटणीच्या पानावर दोन एसच डोळ्याला बरे दिसतात. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेल्या माणसाला या पानांवर आणखी एक अडचण येते. जर्मनमध्ये नामाचं पहिलं अक्षर मोठं, ही शिकणाऱ्याची केवढी मोठी सोय, आणि इथे तर सगळीच अक्षरं मोठी. नाम कुठलं, क्रियापद कुठलं, हे कानानेच ओळखायचं. देवनागरीत कॉमिक्सचे फुगे भरणाऱ्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही. खालच्या ओळीतल्या रफाराने आणि वरच्या ओळीतल्या उकाराने एकमेकांत शिरायचं, हे त्यांच्या रोजच्या भांडणातलं आहे.

हे झालं फक्त अक्षरांचं.

रेघ कुठून आणायची हा त्याहून मोठा प्रश्न. ईसीच्या बाबतीत नशीब जोरावर होतं. गेन्सने मूळ चित्रांचे पुठ्ठे फेकले नाहीत, जपून ठेवले. त्या काळात चित्रं छापील मापाच्या जवळजवळ दुप्पट काढत. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून रस कॉक्रन याने त्या पुठ्ठ्यांवरून मोठ्या आकारात, काळ्यापांढऱ्यात संपूर्ण खंड काढले. त्यामुळे ईसीची कथा जर्मनमध्ये काढणाऱ्याला निदान स्वच्छ काळी रेघ मिळू शकते. त्याच काळात भयकथा काढणाऱ्या बाकी प्रकाशकांचे बहुतेक पुठ्ठे गेले. फाडले, टाकले, हरवले. त्यांच्या कथा छापायच्या तर छापील जुनं कॉमिकच स्कॅन करावं लागतं. हक्कांचीही एक गाठ तिथेच बसते. यातल्या कितीतरी कथांचं अमेरिकेतलं कॉपीराइट वेळेत नूतनीकरण न झाल्याने संपलं. पण तिकडे मोकळं म्हणून जर्मनीतही मोकळं, असं धरता येत नाही. 1892 च्या जर्मन-अमेरिकन करारामुळे तिथे अमेरिकन मुदतीशी तुलना होत नाही, लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतरची 70 वर्षं मोजली जातात.

छापील प्रतीवरून रेघ काढणं म्हणजे निवांत बसून करायचं काम. पान स्कॅनरवर ठेवताना मागे काळा कागद धरायचा, नाहीतर न्यूजप्रिंटच्या पलीकडच्या पानावरची छपाई या बाजूला भुतासारखी उमटते. छापील मापात 600 डीपीआयच्या खाली जायचं नाही. मग स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे तीन पदर वेगळे करायचे. लाल पदरात पिवळा आणि किरमिजी जवळजवळ नाहीसे होतात, जुन्या कागदाचा पिवळेपणाही जातो, आणि काळी रेघ बरीचशी मोकळी उरते. अडतं ते आकाशी निळ्यापाशी, म्हणजे छापखान्यातल्या सायनपाशी. तो याच पदरात काळपट दिसतो. आणि भयकथा तर रात्रीच घडतात! स्मशानावरचं आकाश, तळघराच्या भिंती, दलदल, सगळीकडे सायनचा थर, आणि इंगल्सच्या त्या लोंबत्या, चिकट रेघा नेमक्या त्यातच बुडालेल्या. काळं कुठे सुरू आणि निळं कुठे संपलं हे मर्यादा ठरवून यंत्राला सांगावं लागतं. मर्यादा एका बाजूला जरा सरकली की बारीक जाळीकाम भरून जाऊन काळा डाग होतो. दुसरीकडे सरकली की रेघ तुटून मुंग्यांची रांग दिसते. एकच मर्यादा सगळ्या पानाला लावून चालत नाही. चौकटीगणिक बदलावी लागते, कधी चेहऱ्याला वेगळी आणि आकाशाला वेगळी. जिथे हे केलेलं नसतं तिथे म्हातारीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जाऊन ती गुळगुळीत होते. भीती त्या सुरकुत्यांत होती.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे, आणि ते सगळ्यांना पटत नाही हेही मला माहीत आहे. त्या काळच्या रंगीत छपाईत पिवळा, किरमिजी आणि सायन हे तीन रंग, प्रत्येकाच्या 25 टक्के, 50 टक्के आणि पूर्ण अशा तीनच पायऱ्या. कोरा कागद धरून सगळी मिळून 64 मिश्रणं. ईसीत मारी सेव्हरिन रंगांचा आराखडा करायची. तिने या 64 रंगांत जे केलं ते मला आजच्या कोट्यवधी छटांपेक्षा मोठं वाटतं. फारच भयंकर चौकट आली की ती तिच्यावर एकच गडद निळा चढवून टाकायची, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका पूर्ण खरी असो नसो, पानांवर तशा चौकटी दिसतात. एका रंगात बुडालेली चौकट आणि शेजारी भडक पिवळी. नव्या अमेरिकन आवृत्त्यांत हेच रंग संगणकावर नव्याने चढवले, गालावर गोलाई, आकाशात हळूहळू उतरणारी छटा, रक्ताला चमक. जर्मन प्रकाशकाला बहुधा याच तयार फाइली मिळतात, आणि त्या वापरणं स्वस्त पडतं. पण त्यात निळ्याने जे झाकलं होतं ते उघडं पडतं. रेघेने आधीच गोलाई दिलेली असताना रंगाने पुन्हा गोलाई दिली की दोघं एकमेकांना खोटं पाडतात. मूळ सपाट रंग ठेवायचे तर मात्र कागद जपून निवडायला हवा. ते रंग करड्या, शाई पिणाऱ्या न्यूजप्रिंटसाठी ठरवलेले होते. तिथे रंगाचा छापील ठिपका पसरायचा आणि रंग आपोआप मऊ पडायचा. तेच आकडे पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत आर्ट पेपरवर छापले की किरमिजी अंगावर धावून येतो. 100 ते 120 ग्रॅमचा, किंचित पिवळसर, कोटिंग नसलेला कागद घ्यावा, तरी एक रंगचाचणी त्याच कागदावर छापून पाहावी. पडद्यावरच्या रंगावर विसंबू नये. जुने छापील ठिपके जसेच्या तसे ठेवायचा मोह होतो. पण ते ठिपके इंचाला साधारण 65 ओळींच्या जाळीचे आणि आजची ऑफसेटची जाळी 150 ओळींच्या आसपास. एकीवर दुसरी बसली की पानभर पाण्यासारख्या लाटा उठतात. ठिपके ठेवायचे तर ते काळ्या रेघेसारखे कडक करून, त्यांच्यावर पुन्हा जाळी न चढवता छापावे लागतात. नाहीतर पुसूनच टाकावेत. मधली वाट नाही.

पण जर्मनीत या सगळ्याच्या आधी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो अमेरिकन पुनर्मुद्रकाला कधी पडत नाही. मूळ कोणतं धरायचं?

अमेरिकेत भयकथा-कॉमिक्स आली, गाजली आणि मग त्यांच्यावर गदा आली. 21 एप्रिल 1954 ला गेन्स सिनेटच्या बालगुन्हेगारीविषयीच्या उपसमितीपुढे साक्षीला बसला, त्याच दिवशी त्याच्या विरुद्ध बाजूने फ्रेडरिक वर्थम हे मानसोपचारतज्ज्ञही बोलले, तेही मूळचे जर्मनीचेच. वर्ष सरायच्या आत कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवरच घातलेली नियमावली, आला आणि ईसीची भयकथा-नियतकालिकं बंद पडली. पश्चिम जर्मनीत क्रम उलटा होता. तरुणांना अपायकारक साहित्यावरचा कायदा 1953 चा, त्याची तपासणी करणारी केंद्रीय संस्था 1954 पासून बॉनमध्ये कामाला लागलेली, शाळांमधून ‘घाण’ पुस्तिका गोळा करून त्यांच्या बदल्यात चांगली पुस्तकं द्यायच्या मोहिमा, काही ठिकाणी तर त्या पुस्तिकांची होळीसुद्धा, 1933 मधल्या नाझींच्या पुस्तकहोळ्यांना जेमतेम वीस वर्षं झालेली असताना. हे सगळं चालू होतं तेव्हा ईसीची थडगी तिथल्या किऑस्कवर, म्हणजे वर्तमानपत्रांच्या टपरीवर, पोचलेलीही नव्हती. सेन्सॉरशिप होणार नाही, असं जर्मन राज्यघटनेच्या पाचव्या कलमात स्पष्ट आहे. त्याच कलमात तरुणांच्या संरक्षणासाठी मर्यादा घालायची मुभाही आहे. त्या केंद्रीय संस्थेच्या अपायकारक साहित्याच्या यादीत नाव चढलं म्हणजे बंदी नव्हे. पण उघड मांडायचं नाही, जाहिरात करायची नाही, अल्पवयीनांना द्यायचं नाही, म्हणजे किऑस्कपुरतं संपलंच. नियतकालिकाला तर त्याहून मोठा धोका. 12 महिन्यांत दोनपेक्षा जास्त अंक यादीत गेले की पुढचे अंक न वाचताच संपूर्ण मालिका 3 ते 12 महिने यादीत टाकता येते. आठवड्याला अंक काढणाऱ्या प्रकाशकाचं त्यात दिवाळंच.

सत्तरच्या दशकात जर्मन किऑस्कवर जी भुतं आली ती म्हणून निवडून, नखं कापून आलेली होती. बेर्गिश ग्लाडबाखच्या बास्टाइ या प्रकाशनाने 1974 मध्ये ‘गेश्पेन्स्टर गेशिश्टन’ सुरू केलं, आधी मुख्यतः अमेरिकेतल्या गोल्ड कीच्या सौम्य भूतकथा घेऊन, पुढे स्वतः काढून घेतलेल्या कथांवर. 2006 पर्यंत 1654 अंक निघाले. विल्यम्स या दुसऱ्या प्रकाशनाने डीसीच्या आणि मार्व्हलच्या भयकथा आणल्या, त्यात जीन कोलनने चितारलेला ड्रॅक्युलाही होता. पातळ कागद, हललेलं रजिस्टर, म्हणजे एकमेकांवर नीट न बसलेले रंग, हाताच्या अक्षरांऐवजी बऱ्याचदा यंत्राची अक्षरं, पानांत बसवायला कापलेल्या चौकटी. आणि बास्टाइच्या कथेच्या शेवटी ठरलेली ओळ: ‘झेल्टझाम? आबर झो श्टेट एस गेश्रीबन...’, विचित्र वाटतं? पण असंच लिहून ठेवलंय. जर्मनीत पन्नाशी-साठी गाठलेल्या माणसापुढे ही ओळ नुसती म्हटली तरी त्याचा चेहरा बदलतो. त्याचं ‘क्लासिक’ हे आहे. 1952 चं न्यूयॉर्क त्याने पाहिलेलंच नाही. त्याने पाहिलं ते स्टेशनवरचं किऑस्क, आणि त्या यंत्राच्या अक्षरांत वाचलेली भीती.

त्यामुळे पुनर्मुद्रणाच्या बाबतीत दोन पंथ पडतात. एक म्हणतो, अमेरिकन मूळ रेघेकडे जा, भाषांतर नव्याने करा, कापलेल्या चौकटी परत जोडा. दुसरा म्हणतो, किऑस्कवरचा अंकच जसाच्या तसा छापा, चुकांसकट. मी पहिल्या बाजूचा आहे, आणि दुसऱ्यांचं दुःख मला समजतं. कापलेली चौकट ही त्या चित्रकाराची इच्छा कधीच नव्हती. तिला वाचकाच्या आठवणीने कितीही पवित्र केलं तरी. पण ती शेवटची ओळ मात्र मी कुणाला काढू देणार नाही. ती मूळ अमेरिकन कथांत नव्हती, जर्मन संपादकांनी घातली, आणि तिने त्या कथा तिथल्या झाल्या.

या पंथभेदाच्या पलीकडे असलेली एक कथा आहे, आणि जर्मन पुनर्मुद्रकाची खरी परीक्षा तिच्यात होते. बर्नार्ड क्रिगस्टाइनची ‘मास्टर रेस’, 1955 मधल्या ‘इम्पॅक्ट’च्या पहिल्या अंकातली. त्यात भूत नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एक माणूस बसलेला, समोर दुसरा येऊन बसतो आणि छळछावणीचे दिवस परत येतात. कथा सहा पानांची ठरलेली, क्रिगस्टाइनने जास्त मागितली, आठ मिळाली. मजकूर तर ईसीच्या रीतीप्रमाणे आधीच पुठ्ठ्यावर उतरलेला. त्याने तो पुठ्ठाच कापला, अक्षरांचे तुकडे हलवले आणि चौकटी उभ्या, अरुंद, फितीसारख्या केल्या. धावत्या डब्याच्या खिडकीतला एकच चेहरा पुन्हा पुन्हा उमटतो आणि काळ ताणला जातो. या अरुंद चौकटींत जर्मन बसवायचं. छळछावणीसाठीचा जर्मन शब्द, कोन्त्सेन्त्राट्सिओन्सलागर, एकोणीस अक्षरांचा आहे. तो एका ओळीत मावणं कठीण, तोडला तर मध्ये जोडरेघ, आणि तो शब्द जर्मन वाचकासमोर तुकड्यात यावा का, हा प्रश्न फॉन्टचा राहत नाही. संक्षेपाची दोन अक्षरं वापरली की जागा सुटते, पण निवेदनाचा संथ आवाज तुटतो. नाझी चिन्हांवर जर्मनीत दंडसंहितेचं कलम आहे, कलाकृतीला त्यात सूट आहे. तरी जुन्या सवयीने कुणी ती पुसायला जाऊ नये. या कथेत ती पुसणं म्हणजे साक्ष पुसणं. माझं म्हणणं असं, की इथे अक्षर अर्ध्या पॉइंटने लहान झालं तरी चालेल, शब्द अखंड ठेवावा. आणि शेवटच्या पानावरच्या मूक चौकटींत कुणीही काहीही घालू नये, आवाजदर्शक शब्दसुद्धा नाही.

असे सगळे निर्णय कुणीतरी घेतलेले असतात आणि पुस्तकात ते कुठेच नोंदलेले नसतात, याची मला खंत आहे. पुनर्मुद्रणाच्या मागच्या पानावर भाषांतरकाराचं नाव असतं, कधी अक्षरजुळणी करणाऱ्याचंही असतं. पण कुठली कथा मूळ पुठ्ठ्यावरून आली, कुठली छापील प्रतीवरून, रंग जुने की नवे, कुठल्या पानावर किती चित्र झाकलं, किऑस्कवरच्या अंकात ती कथा कधी आणि किती कापून आली होती, हे लिहायला अर्धं पान पुरे. या पुस्तकांची किंमत जुन्या अंकाच्या कितीतरी पट असते आणि ती देणारा वाचक हे अर्धं पान भिंग लावून वाचेल. पुढच्या खंडांत प्रकाशकांनी ते छापायला घ्यावं.